उद्योगी सवयी आणि डोंगरवाडीची शाळा

कर्जतहून भीमाशंकरच्या अंगास, किंवा खालापुराकडून इर्शाळगडाच्या अंगास, जो कोणी पावसाळ्याच्या तोंडी वाट चालू लागेल त्यास एक गोष्ट सहज दिसेल. उजाडते न उजाडते तोच ठाकरवाडीतील आठ-नऊ वर्षांची पोर डोकीवर हंडा घेऊन झऱ्याकडे निघालेली असते. तिचा भाऊ शेळ्या सोडून माळाला लावतो आणि परतताना वाळक्या काटक्यांची मोळी घेऊन येतो. कोणी त्यांस हाका मारून उठवीत नाही, कोणी घंटा वाजवीत नाही, वेत तर नाहीच नाही. हीच मुले दहा-साडेदहाच्या सुमारास शाळेत येऊन बसली, की 'आळशी', 'अनियमित', 'अभ्यासात लक्ष नाही' असे शेरे त्यांच्या नावापुढे पडू लागतात. मूल तेच, दिवसही तोच; मग सकाळी उद्योगी असलेले मूल दुपारी आळशी कसे होते? या कोड्याचा उलगडा हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

सवय म्हणजे काय, याचा प्रथम विचार केला पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की, सवय ही उपदेशाने लागते. परंतु 'लवकर उठावे' हे सुवचन फळ्यावर लिहिल्याने कोणाही मुलास लवकर उठण्याची सवय लागल्याचे ऐकिवात नाही. सवय लागण्यास चार गोष्टींचा मेळ बसावा लागतो. काम करण्याची वेळ आणि जागा ठरलेली असावी. ते काम करणारी आपली माणसे भोवती असावीत. कामाचे फळ डोळ्यांना दिसावे. आणि ते काम करणाऱ्यास चार माणसांत मान असावा. झऱ्यावर जाणाऱ्या त्या पोरीच्या बाबतीत हे चारही योग जुळलेले आहेत. पहाटेची वेळ ठरलेली, वाट ठरलेली, बरोबर आई आणि शेजारच्या बायका, घरी येताच हंड्यातील पाणी चुलीवर चढते, आणि 'पोर कामाची आहे' हा शब्द वाडीभर होतो. शाळेत यांपैकी काय आहे? वेळ आहे, ती सरकारने ठरवलेली. भाषा आहे, ती पुस्तकातील. फळ आहे, ते दहा वर्षांनी लागणार. आणि तिला जे जे येते, त्यास तेथे किंमत शून्य.

फाल्गुन-चैत्रात ओळीने शेण, पाला आणि तोडलेली कवळे पसरून राब कसा भाजावा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर त्यावर भाताची रोपे कधी पाडावीत. वरकस जमिनीवर नाचणी कोठे, वरी कोठे. शेवळे कोणत्या झाडोऱ्याखाली उगवते, आणि घसा खाजवणारे ते शेवळे बोंडाऱ्याच्या पाल्याबरोबर कसे शिजवतात. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी यांची कोवळी पाने केव्हा खुडावीत. ओहळातील खेकडा कोणत्या दगडाखाली असतो: एवढे ज्ञान त्या मुलाजवळ असते. शहरातील पदवीधरास तेथे एक रात्र सोडले, तर तो उपाशी राहील. हे मूल राहणार नाही. परंतु शाळेच्या पटावर या ज्ञानाचा रकानाच नाही. ज्या घरी आपल्याला सर्व काही येत होते, त्या घरून आपण 'काहीच न येणारे' होऊन आलो, असा बोध मुलास पहिल्याच आठवड्यात होतो, आणि हा बोध मात्र ते कधीही विसरत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याच डोंगरात घडते असे नाही. अमेरिकेत कार्टर वुडसन या नावाचे एक थोर इतिहासकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८७५ सालचा. आईबाप पूर्वी गुलाम असलेले. तरुणपणी ते वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत मजुरी करीत, आणि वयाच्या विसाव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेले. त्या खाणीवरील कृष्णवर्णीय मजुरांस वाचता येत नसे, म्हणून संध्याकाळी वुडसन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. त्या वाचनात आणि त्यावरील मजुरांच्या चर्चेत त्यांचे अर्धे शिक्षण झाले. पुढे १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली, आणि १९३३ साली एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ सांगावयाचा तर 'कुशिक्षण' असाच सांगावा लागेल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, जी शाळा मुलास आपल्या लोकांचा तिटकारा शिकवते ती त्यास उद्योगी करू शकत नाही. फार तर दुसऱ्याच्या दारात उभे राहण्यास योग्य करते. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक आठवडा पाळण्याचा प्रघात घातला, तो याच हेतूने.

पुढे याच विचारातून आफ्रिकाकेंद्री शिक्षण म्हणून जी चळवळ निघाली, तिने सवयींवर विशेष भर दिला. १९६६ साली कॅलिफोर्नियातील मौलाना करेंगा यांनी स्वाहिली भाषेतील सात शब्द सात तत्त्वे म्हणून पुढे ठेवले. त्यांत 'उमोजा' म्हणजे एकी, 'उजिमा' म्हणजे सर्वांनी मिळून काम करणे व सर्वांची जबाबदारी वाहणे, 'निया' म्हणजे हेतू. पुष्कळ शाळांतून दिवसाचा आरंभ याच शब्दांनी होऊ लागला. शब्द सुंदर आहेत यात शंका नाही. तथापि आपल्या लोकांनी ते स्वाहिलीतून उसने आणण्याचे कारण नाही. ज्यास 'उजिमा' म्हणतात त्यास आपले शेतकरी 'सावड' म्हणतात. आज तुझ्या शेतात आवणी, उद्या माझ्या. पैसा कोणी कोणास देत नाही. आणि सावडीला न येणाऱ्याची शेते पाऊस निघून गेला तरी लावावयाची राहतात. नियमितपणाचा याहून कडक धडा कोणत्या शाळेत मिळतो?

कातकऱ्यांची स्थिती ठाकरांहून अधिक बिकट आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा, त्यावरूनच नाव पडले. जंगल सरकारी झाले, धंदा गेला. जमीन बहुतेकांजवळ नव्हतीच. सरकारने ज्यांची गणना अतिमागास आदिम जमातींत केली, अशा महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळी आटोपली की कर्जत-खालापुरातील कित्येक कातकरवाड्या ओस पडू लागतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळसा पाडण्यास परमुलखात जातो. पोरेबाळे बरोबर जातात आणि पावसाच्या तोंडी परत येतात. आता शाळेचे वर्ष पहावे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मूल वाडीत असते. अक्षरओळख होऊन हात बसू लागतो तोच दिवाळी येते. आणि वार्षिक परीक्षेच्या वेळी ते मूल कोणत्या तरी खाडीकाठी विटांच्या रांगा मोजीत असते. पुन्हा जून, पुन्हा पहिला धडा. सवय ही रोजच्या आवृत्तीने पडते. ज्याची आवृत्ती दरवर्षी सात महिने तुटते, त्याची सवय मोडली म्हणून त्यालाच दोष देणे हा न्याय नव्हे.

या अडचणीवर महाराष्ट्रात उपाय झाले नाहीत असे मात्र म्हणता येत नाही. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात वीटभट्ट्यांवरच शाळा भरविल्या. भट्टीवरचे मजूर कच्च्या विटा रचून जी तात्पुरती खोपटी उभी करतात त्यास भोंगा म्हणतात. त्यावरून या शाळांस भोंगाशाळा हे नाव मिळाले. मूल शाळेकडे येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, एवढाच त्यातला विचार. तो विचार महाराष्ट्रात नवा नव्हता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेले. तेथे बोलाविलेली मुले येईनात. तेव्हा या बाईंनी शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. हा शब्द पुढे साऱ्या देशाच्या तोंडी बसला. थोरली मुले गुरे राखण्यास जात, त्यांच्यासाठी कुरणात भरणारी ती कुरणशाळा. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसून शिकत आहेत, आणि एखादे वासरू शेतात घुसले की एकजण धावत जाऊन त्यास वळवून आणीत आहे: असा तो देखावा होता.

कोसबादच्या प्रयोगातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, तेथे आरंभ अक्षरांनी झाला नाही. नखे काढणे, अंघोळ घालणे, केस विंचरणे यांनी झाला; आणि हे सर्व मुलांच्या आयांच्या देखत, त्यांच्याच अंगणात. त्यामुळे स्वच्छतेची सवय ही 'बाईंची शाळेतली शिस्त' न राहता घरची रीत होऊ शकली. दुसरी गोष्ट साधनांची. माँटेसोरीबाईंची साधने विलायतेतून आणणे खर्चाचे, आणि त्या मुलांस अनोळखी. त्याऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या यांवर मोजणे, लावणे, लहानमोठे ओळखणे शिकविले गेले. चिंचोक्यांनी गणित शिकलेले मूल घरी जाऊन चिंचोक्यांनीच ते धाकट्या भावंडास शिकवू शकते. विकतच्या साधनांनी शिकलेल्याचे गणित शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. 'मुलांच्या जीवनातील काम शाळेत आणा' असे म्हटले की, हाताला लागेल ते काम मुलांच्या गळ्यात बांधण्याची घाई होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉक्टर झाकिर हुसेन यांच्या समितीने मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या द्वारे सात वर्षांचे शिक्षण देण्याची योजना आखली. मूळ कल्पना उदात्त होती. परंतु ती अनेक शाळांत उतरली तेव्हा 'टकळीचा तास' एवढाच तिचा अवशेष राहिला. ज्या मुलाच्या घरी कोणी सूत कातीत नाही, ज्याच्या सुताचे पुढे काय होते हे त्यास कळत नाही, त्याला ती टकळी म्हणजे दुसरी घोकंपट्टीच. टांझानियाचे अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे हे स्वतः शिक्षक होते, लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणत. त्यांनी १९६७ साली 'स्वावलंबनासाठी शिक्षण' हा लेख प्रसिद्ध करून प्रत्येक शाळेस शेत जोडण्याचा आग्रह धरला. तेथेही जेथे शिक्षक मुलांबरोबर शेतात उतरला तेथे काम सवयीचे झाले. जेथे शेतातले काम शिक्षा म्हणून दिले गेले तेथे मुलांना शेताचीच चीड आली. वर्गात बोलला म्हणून मुलास अंगण झाडावयास लावणारे शिक्षक आपल्याकडेही थोडे नाहीत. श्रमाचा अपमान याहून सोप्या रीतीने शिकविता येणार नाही.

मग कर्जत-खालापुरातील मुलास कोणती सवय लावावी, की जी त्याच्या घरची असेल आणि त्यास पुढेही नेईल? अनेक सांगता येतील, परंतु एकीवर भर देणे बरे. ती म्हणजे हिशेब लिहिण्याची सवय.

आपल्या पाठ्यपुस्तकात व्याजाची उदाहरणे असतात: पाचशे रुपये मुद्दल, दरसाल दरशेकडा सहा, तीन वर्षांचे व्याज किती? ते पाचशे रुपये कोणाचे, ते मुलास ठाऊक नसते. त्याऐवजी असे विचारावे. श्रावणात घरातले भात संपले, म्हणून बापाने सावकाराकडून एक मण भात दिढीने आणले, आणि कार्तिकात दीड मण फेडले. तर व्याज किती? तीन महिन्यांत निम्मे. म्हणजे दरसाल दरशेकडा दोनशे. सवाईने आणले असते तर? शंभर. हे उदाहरण सोडविताना वर्गात जी शांतता पसरेल, ती कोणत्याही इन्स्पेक्टरच्या भीतीने पसरणारी नव्हे. मूल घरी जाऊन बापास हा आकडा सांगेल, आणि बाप प्रथमच शाळेविषयी कुतूहलाने विचारील.

याच तालुक्यात या प्रश्नाला उत्तर शोधणारा एक पुरुष होऊन गेला. विठ्ठल लक्ष्मण, तथा भाई, कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे झाला. ते वकील झाले. वकिली करून पैसा मिळविणे त्यांना सहज शक्य होते. परंतु बेचाळीसच्या लढ्यात पडण्यापूर्वी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या आणि खेड्यांतून स्वयंसेवी शाळा काढल्या. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले, हे सर्वांस ठाऊक आहे; पुतळ्यास हार घालणारे पुष्कळ आहेत. परंतु कोठी आणि शाळा या दोन गोष्टी त्यांनी एकदमच का हाती घेतल्या, याचा विचार क्वचितच होतो. ज्या घरी श्रावणात भात नाही, त्या घरचे मूल शाळेत टिकणार नाही; आणि ज्या कोठीचा हिशेब लिहिता येत नाही, ती कोठी फार दिवस टिकणार नाही. पुढील काळात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही आदिवासी वाड्यांतून धान्यकोठ्यांचा प्रयोग केला आणि भाताच्या जुन्या देशी जातींचे बियाणे जतन करण्याचे काम अंगावर घेतले.

भट्टीवरील हिशेब तर याहून निकडीचा. दिवाळीपूर्वी मुकादम वाडीत येऊन उचल देतो, आणि ती फेडण्यासाठी जोडपे भट्टीवर जाते. केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा उचल २४,००० रुपये, हजार विटांमागे मजुरी ८०० रुपये, आणि आठवड्यास खर्ची २,००० रुपये. जोडपे दिवसास हजार विटा पाडते, आठवड्यातून सहा दिवस, असे २४ आठवडे. म्हणजे १४४ दिवसांत १,४४,००० विटा; त्यांची मजुरी १,१५,२०० रुपये. खर्चीचे ४८,००० आणि उचलीचे २४,००० वजा जाता ४३,२०० रुपये कुटुंबाच्या हातात पडले पाहिजेत. आता ज्येष्ठात मालक जर म्हणू लागला की, 'उचल फिटली नाही, पुढल्या वर्षी या', तर जाब विचारण्यास हातात काय असावे? एक वही असावी, जिच्यात रोजच्या विटा आणि दर आठवड्याची खर्ची मुलाच्या हाताने मांडलेली आहे. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच रद्द झाली. परंतु कायद्यासमोर पुरावा लागतो, आणि दुसऱ्या बाजूची वही नेहमीच तयार असते.

या वहीची सवय कशी लागेल, हे दुसऱ्या परिच्छेदातील चार योगांवरून समजण्यासारखे आहे. वेळ ठरलेली: सूर्य मावळताना, विटांची शेवटची रांग लागली की. माणसे आपली: आई विटा मोजते, मूल मांडते. फळ दिसणारे: आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मुकादमाचा आकडा आणि वहीतला आकडा जुळतो की नाही हे त्याच क्षणी कळते. आणि मान: ज्या मुलाच्या वहीने एकदा शंभर रुपये वाचविले, ते मूल त्या खोपटात कधीच 'काही न येणारे' राहत नाही. आरंभी अंकही न येणाऱ्या मुलाने नुसत्या रेघा ओढाव्यात, शंभर विटांस एक रेघ. पाच रेघांची एक जुडी. रेघांपासून अंकांकडे जाण्यास एक पावसाळा पुरतो. गुरुजींनी एवढेच करावे की, दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक मुलास एक वही द्यावी, आणि जूनमध्ये ती परत मागून, वाचून, त्यावर हजेरी धरावी. सात महिने हे मूल शाळेत नव्हते असे मग म्हणता येणार नाही.

आश्रमशाळेत मूल घालावे म्हणजे हे सर्व प्रश्न सुटतात, असे कोणी म्हणेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली वाडी मातीखाली गेली. ज्या घरांची मुले त्या रात्री दूर आश्रमशाळेत होती, ती मुले वाचली. त्यांपैकी काहींना सकाळी आईबाप उरले नव्हते. ही घटना डोळ्यांपुढे असताना, मूल घरापासून दूर ठेवणे सर्वथा वाईट असे म्हणण्याचे धैर्य कोणास होणार नाही. प्रश्न एवढाच राहतो की, अशा मुलास आता त्याच्या वाडीचे जे काही शिल्लक आहे ते त्याच्याबरोबर असावे की नसावे. शेवळे कोठे उगवते हे सांगणारी आजी गेली. आश्रमशाळेच्या कुंपणाच्या आत त्याची बोली बोलणारे कोणी असेल, दसऱ्यानंतर कांबडनाचास ढोलकी धरू देणारे कोणी असेल, शाळेच्या तुकडाभर जमिनीत नाचणी लावू देणारे कोणी असेल, तर पहाटे उठण्याची त्याची जुनी सवय टिकेल. नसेल, तर ते घंटेवर उठेल आणि सुटीत उठणार नाही.

कोठीचे शेवटचे काम कार्तिकात असते. झोडणी आटोपली की ज्यांनी श्रावणात भात नेले ते पायलीने मोजून परत घालतात, मणामागे ठरलेली थोडी वाढ घालतात. वाडीतले थोडे शिकलेले मूल कोठीच्या दारात वही घेऊन बसवावे. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो आणि दोन-तीन घरांचे भात येत नाही. त्या नावांपुढे काय लिहावे, हे मुलाने एकट्याने ठरवू नये. वाडी बसते, बोलणे होते, कोणी पुढल्या सालावर ढकला म्हणतो, कोणी अर्धे आत्ता घ्या म्हणतो. जे ठरेल ते मुलाने लिहावे, आणि वर त्या दिवसाची तिथी घालावी.